मिसळ खाल्ली, आणि दादाला सांगितलं लायब्ररीत आहे

ताई,

मी चंदगड तालुक्यातल्या एका खेड्यातली. कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतीशास्त्र. वसतिगृहात राहते. दादा बारावीनंतर शिकला नाही. तो शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत फेटलिंगला आहे आणि त्याच्या पगारातून माझी मेस, वरखर्च चालतो. मागच्या रविवारी मैत्रिणींबरोबर मिसळ खायला गेले होते. मजा चालली होती आणि त्याचा फोन आला. ‘जेवलीस काय? कुठं हाईस?’ मी म्हटलं, लायब्ररीत. फोन ठेवल्यावर पुढचा घास उतरेना.

हे नेहमीचंच झालंय. सर आम्हाला विद्यापीठाच्या बोटॅनिकल गार्डनला नेणार होते, अभ्यासक्रमात नाही म्हणून मी गेले नाही. गॅदरिंगला गाण्यासाठी नाव दिलं नाही. काका म्हणतात, ‘नशीब काढलंस, विसरू नकोस.’ रेक्टरबाईंकडं पाण्याची तक्रार नेली तर म्हणाल्या, ‘गावाकडं हेही नव्हतं, आभार माना.’ कॉलेजच्या एका शिबिरात कृतज्ञतेची वही करायला सांगितली, रोज पाच गोष्टी लिहायच्या. मी लिहिलं : आई, बाबा, दादा, अन्न, छप्पर. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग वही ठेवून दिली. मला मनापासून कृतज्ञ व्हायचंय, पण वाटतं ते नुसतं ओझं. मी कृतघ्न आहे का?

— कर्जदार बहीण

*

प्रिय बहिणी,

सही वाचली आणि अर्धं पत्र तिथंच उलगडलं. कर्जदार! दादानं तुझ्याकडून काही लिहून घेतलंय का? व्याज ठरलंय? हप्ता चुकला तर वसुलीला येणार आहे का तो? विचारून बघ एकदा, त्याचं हसणं शिरोलीपासून ऐकू येईल. मिळालेल्या गोष्टीला एकदा कर्ज म्हटलं की माणूस देणाऱ्यापुढं फक्त काटकसरीचा हिशोब मांडत बसतो. काय चाखलं, काय पाहिलं, कशानं हसू आलं, हे सांगायची त्याला चोरी होते. तुझी सगळी ओढाताण मला तिथूनच सुरू झालेली दिसते.

तू विचारलंयस म्हणून सरळ उत्तर देते. तू कृतघ्न नाहीस. कृतघ्न माणसाचा घास अडकत नाही, तो दुसरी प्लेट मागवतो.

आता त्या मिसळीकडं येऊ, कारण तिच्यावर अन्याय झालाय. लाल तवंगाचा कट, वर फरसाण, कांदा, लिंबाची फोड, आणि शेजारी ब्रेडच्या स्लाइस. (पुण्याचा पाहुणा इथं हमखास पाव मागतो, आणि सगळं टेबल एकमेकांकडं बघतं.) कट संपला की वाटी पुढं करायची, वाढपी काही न विचारता ओततो. नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, आणि तरी ‘अजून थोडा’. चार मुली एका टेबलाभोवती, कुणालाच कुठं जायची घाई नाही, प्रॅक्टिकलचं जर्नल कुणाचंच पूर्ण नाही. माझ्या वयाच्या बायकांना विचार, अशी सकाळ जुळवायची तर दोन महिने आधीपासून फोनाफोनी करावी लागते, आणि ऐनवेळी एकीच्या सासूबाईंना ताप येतो. तुम्हाला ती दर रविवारी फुकट मिळते. एवढ्या गोष्टीचा तू अर्धा घासही नीट घेतला नाहीस.

आणि दादाचं काय झालं ते बघ. फेटलिंग म्हणजे काय हे तुला माहीत असेलच. साच्यातून निघालेल्या कास्टिंगवरची वाढलेली कड, चिकटलेली वाळू ग्राइंडरनं काढत दिवसभर उभं राहायचं. ठिणग्या, धूळ, आणि आवाज असा की पाळी सुटल्यावरही कान वाजत राहतात. त्या आवाजातून बाहेर आल्यावर त्यानं तुला फोन केला आणि विचारलं, जेवलीस काय. आपल्याकडच्या भावांना याहून मऊ काही विचारता येत नाही, सगळी माया त्या दोन शब्दांत कोंबून पाठवतात. तुझ्यासमोर त्या वेळी भरलेली प्लेट होती! ‘होय दादा, मिसळ हाणतेय, नाकातनं पाणी यायलंय’ एवढं म्हणाली असतीस तर त्या माणसाचा दिवस सार्थकी लागला असता. त्याऐवजी त्याला मिळाली लायब्ररी. दर वेळी लायब्ररी. त्याच्या पैशातून तुझ्या आयुष्यात काय काय घडतंय याचा त्याला पत्ताच नाही.

पण मिसळीचं नुकसान भरून येईल. मला खरा राग आला तो बोटॅनिकल गार्डनवरून.

शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाच्या बागेत पश्चिम घाटातल्या दुर्मीळ वनस्पती जपल्या आहेत, हे तुझ्या सरांनी सांगितलं असेलच. त्यात कंदीलपुष्पं आहेत, तुमच्या पुस्तकातल्या भाषेत सेरोपेजिया. त्यांतल्या काही जाती सह्याद्री सोडून जगात कुठंच उगवत नाहीत. कंद जमिनीत गप्प पडून असतो आणि पावसाळ्यात वेल वर येते. फूल खाली फुगीर, वर अरुंद नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या एकत्र जुळून झालेला पिंजरा. वासाला भुलून चिमुकली माशी आत उतरते. नळीतले केस खालच्या दिशेनं वळलेले असतात, त्यामुळं आत जाणं सोपं आणि परत चढणं अशक्य. ती आत घुटमळते, तिला परागांचे पुंज चिकटतात. मग केस सुकतात, फूल कलतं, माशी सुटते आणि शहाणी न होता पुढच्या कंदिलात शिरते. हे वाचायला एक मिनिट लागलं. पण भिंगातून ते केस स्वतःच्या डोळ्यांनी बघणं, तेही ज्यांनी आयुष्य त्या वेलींमागं डोंगर चढण्यात घालवलंय अशा लोकांकडून समजून घेत, याची संधी किती जणांना मिळते? तुझा विषय वनस्पतीशास्त्र. तू सह्याद्रीच्या कुशीतून आलेली. ती बाग तुझ्या शहरात. आणि तू खोलीत बसून राहिलीस, कारण प्रश्नपत्रिकेत येणार नाही.

दादा पैसे कशाचे देतो? युनिट एक ते चारचे?

तुझ्या अपराधीपणातली खोट ही आहे. ते तुला दादाचा पैसा जपायला लावतं आणि त्या पैशातून जे यायला हवं तेच दारातून परत पाठवतं. मेसचं बिल तर तेवढंच आलं. खोलीचं भाडंही तेवढंच. फक्त बाग गेली, गाणं गेलं, मैत्रिणींतला मोकळेपणा गेला. विद्यापीठातलं खर्डेकर ग्रंथालय तुझ्यासारख्यांसाठीच आहे, पण तिथंही तू कधी परीक्षेबाहेरचं पुस्तक हातात घेतलंस का? टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली एक छोटी ब्राँझची मूर्ती आहे, पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. पंचगंगेच्या काठावरच्या टेकडीत समुद्रापलीकडचा देव कसा आला, हा प्रश्न डोक्यात घेऊन बाहेर पडायला जेमतेम चहाइतका खर्च येतो. कोल्हापुरात राहून रंकाळ्यावर वारं खाणं, कॅम्पसमधल्या मोरांवरून क्लास बुडवल्याची थाप मारणं, परीक्षेच्या आदल्या रात्री बारा वाजता कुणाच्या तरी डब्यातले तुमच्याकडचे काजू सगळ्यांनी मिळून संपवणं, हेही त्या पैशात आलेलं आहे. ते वेगळं काढून परत करता येत नाही.

गोपाळ कृष्ण गोखले तुमच्याच कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात काही काळ शिकले. वडील लवकर गेले. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीला लागले आणि तुटपुंज्या पगारातून धाकट्याला पैसे पाठवत राहिले. तुमचंच घर म्हण. गोखल्यांच्या चरित्रातून एक प्रसंग नेहमी सांगतात. मित्रानं नाटकाला नेलं, गोपाळला वाटलं तो आपल्याला दाखवतोय, आणि मागून मित्रानं तिकिटाचे पैसे मागितले. ते भरून काढायला गोपाळनं खोलीतल्या दिव्याचं तेल वाचवलं आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. शाळेत हा प्रसंग आपल्याला काटकसरीचा धडा म्हणून शिकवतात. मला मात्र दर वेळी गोविंदरावांची आठवण येते. त्यांनी शिक्षण सोडलं ते भावाला खोलीत दिवा मिळावा म्हणून. तो रस्त्यावर उभा राहून वाचतोय हे त्यांना कळलं असतं, तर त्यांना अभिमान वाटला असता की वाईट? माझ्या मते ते म्हणाले असते, अरे, दोन आणे मागायचे होतेस. नाटक कसं होतं ते सांग आधी.

आता काका आणि रेक्टरबाई. या दोघांना मी एका दोरीत बांधते, कारण दोघांच्या लेखी आभार म्हणजे गप्प बसणं.

कोल्हापूर हे वसतिगृहांचं गाव. १९०१ मध्ये शाहू महाराजांच्या पाठबळावर व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, आणि पुढं एकेका समाजासाठी अशी बोर्डिंगं उभी राहत गेली. दसरा चौकातून जाताना तुला त्यांच्या पाट्या दिसतातच. यातल्या जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा कुंभोजचा एक मुलगा राहत होता. १९०८ मध्ये अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं, त्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर त्याला आंघोळ करून मगच आत ये असं फर्मावण्यात आलं. त्यानं नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. विचार कर, ज्या छपराखाली राहायचं त्याच छपराच्या नियमाला नाही म्हणणारं पोर. आजच्या काकांनी त्याला काय म्हटलं असतं? त्याच मुलानं १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं वसतिगृह उभं केलं, आणि पोरांच्या जेवणासाठी पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मला जे मिळालं ते खरंच मोलाचं होतं, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं ते हजारोंना मिळवून दिलं. मान खाली घालून मात्र तो कधी राहिला नाही.

तेव्हा पाण्याचं असं कर. तोंडी काही बोलू नका. मजल्यावरच्या सगळ्या मुलींच्या सह्यांचा अर्ज लिहा. कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत पाणी आलं नाही ते मांडा, प्रत प्राचार्यांना द्या आणि पोच घ्या. वसतिगृहाची फी भरल्याची पावती तुमच्याकडं आहे, तिथं आभाराचा प्रश्नच येत नाही. शिष्यवृत्ती, एसटीचा सवलतीचा पास, ग्रंथालयाचं कार्ड यांचंही तेच. त्यांच्यापुढं हात जोडायचे नाहीत, त्या पुरेपूर वापरायच्या. काकांना ‘होय काका’ म्हण आणि चहा दे. या वयात ते बदलणार नाहीत.

वहीबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण शिबिरवाल्यांनी चांगल्या गोष्टीचा गृहपाठ करून टाकला. २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका प्रयोगात कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार मानावेसे वाटलेल्या जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटानं कटकटी लिहिल्या. पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळला. म्हणजे वही निरुपयोगी नाही. पण तुझ्या वहीत जे आहे त्याला मी हजेरीपट म्हणेन. आई, बाबा, दादा, अन्न, छप्पर : सगळे हजर. अन्नाबद्दल कुणाला रोज नव्यानं काय वाटणार?

आठवड्यातून एकदाच लिही, आणि एकच गोष्ट लिही, पण अशी की ती दुसऱ्या कुणाच्या वहीत असणं शक्य नाही. मी असते तर काय लिहिलं असतं ते सांगते. माझ्या वसतिगृहाच्या दिवसांत आमच्या खोलीत राधानगरीकडची एक मुलगी होती. तिचा डबा एसटीनं यायचा. तिकडच्या बऱ्याच मुलांचा यायचा. सकाळच्या गाडीनं स्टँडवर डबे उतरायचे, फडक्यात बांधलेले, झाकणावर ऑइलपेंटनं नाव आणि गाव. तिच्या नावातला एक काना रंगवणाऱ्यानं खाऊन टाकला होता, आणि आम्ही तिला वर्षभर त्याच नावानं हाक मारली. आत भाकरी, भाकरीच्या घडीत खर्डा, खालच्या पुडात कधी पावट्याची आमटी तर कधी नुसता झुणका. गाडीत हेलकावून आमटी भाकरीला लागलेली असायची, आणि तो भिजलेला तुकडा कुणी घ्यायचा यावर आमची भांडणं व्हायची. मोकळा डबा धुऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. एकदा तिनं मोकळ्या डब्यात रंकाळ्यावरच्या शेंगदाण्यांची पुडी टाकून पाठवली. दुसऱ्या दिवशी डब्यात आईच्या हातची चिठ्ठी आली, बाईंना लिहिता जेमतेम यायचं : ‘दाने खारे होते. बाबानी सगळे खाले.’ ती चिठ्ठी त्या मुलीनं भिंतीला लावली होती, टाइमटेबलच्या शेजारी.

या एका डब्यात पहाटे उठलेली आई आहे, ओळख नसताना डबा सांभाळून आणणारा कंडक्टर आहे, चार भुकेल्या पोरी आहेत. असं लिहायला घेतलंस की तुझं तुलाच कळेल, आभार कुणाचे मानायचेत. मेसच्या मावशी रविवारी रात्री सुट्टी असूनही आजारी मुलीसाठी भात लावून जातात का? जर्नल उतरवायला देणारी मैत्रीण, प्रॅक्टिकलला सेक्शन, म्हणजे देठाचा पातळ काप, नीट येईपर्यंत शेजारी थांबणारे लॅब असिस्टंट? त्यांना वहीत कोंडून ठेवू नकोस, तोंडावर सांग. ‘सर, परवा तुम्ही थांबलात म्हणून मला कळलं.’ सांगताना लाज वाटेल. सांग तरीही.

आता पैशाचं, कारण तो विषय डोक्यातून जाणार नाही हे मला माहीत आहे. विद्यापीठात आणि बऱ्याच कॉलेजांत ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत रोज थोडे तास काम आणि त्याचा मोबदला. आपल्या विभागात चौकशी कर. मिळणारी रक्कम मोठी नसते, पण त्यातला ठरावीक भाग हौसेचा म्हणून बाजूला काढ आणि तो खर्च करताना कुणालाही, स्वतःलासुद्धा, हिशोब देऊ नकोस. गॅदरिंगला नाव दे. आणि घास न उतरणं रोजचं झालं, झोप उडाली, तर एकटी कुढत बसू नकोस. कॉलेजच्या समुपदेशकांकडं जा किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन कर, तो मोफत आहे.

राहिला दादा. त्याला खोटं बोलल्याचं सांगावंच लागेल, पण फोनवर सांगू नकोस. त्याच्या सुट्टीच्या दिवशी त्याला त्याच मिसळीच्या टेबलावर घेऊन जा. आधी खाऊ दे. मग सांग की त्या रविवारी मी इथं होते. तो चिडेल. मिसळ खाल्ली म्हणून नव्हे, लपवलंस म्हणून. ऐकून घे. मग सरांना विचार, बागेत पुन्हा कधी नेणार आहेत. पाऊस सरला की कंदिलांचा हंगामही संपत येतो, त्यामुळं हे पुढच्या सत्रावर ढकलू नकोस. दादालाही बरोबर नेता आलं तर बघ. ग्राइंडरवर काम करणाऱ्या माणसाची नजर बारीक असते, नळीतले ते केस तुझ्याआधी त्यालाच दिसतील. फक्त त्याची त्या आठवड्याला कुठली पाळी आहे ते विचारून मगच दिवस ठरव. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी सातला बाग दाखवायला नेऊ नकोस.

तुझी,
ताई